पडद्यावरची मांडणी : चांगली कोणती, वाईट कोणती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मोबाइलवरून विजेचे बिल भरताना किंवा गाडीचे तिकीट काढताना कोठे अडले, की आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात, “मला मेलीला नाही बाई जमत हे!” आणि फोन मुलाच्या नाही तर सुनेच्या हाती देतात. मला आज एवढेच सांगावयाचे आहे, की दर वेळी दोष आपला नसतो. पुष्कळदा तो मांडणीचा असतो. तो ओळखण्यासाठी चार साधे प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न, काय करावयाचे ते पाहताक्षणी कळते का? अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली नित्याच्या वापरातील वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दारांचा विचार आहे. दार ढकलावयाचे की ओढावयाचे, हे दाराकडे पाहूनच कळावे. त्यासाठी पाटी लावावी लागली, तर दारच चुकले. मिसळणाच्या डब्यात हळद कोठे, हे आपण कोणाला विचारतो का? पडद्यावर नुसती चित्रे असतील आणि कशाने काय होते याचा पत्ता नसेल, तर ती मांडणी वाईट. चित्राखाली एक शब्द लिहिला तरी काम भागते.

दुसरा, काय चालले आहे ते पडदा सांगतो का? युपीआयने पैसे देताना पिन घालण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव व रक्कम दिसते, ही उत्तम सोय आहे. ते वाचल्यावाचून पिन घालू नका. आणि पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही पक्के ध्यानात ठेवा. याउलट, पैसे भरल्यावर नुसते चक्रच फिरत राहिले, तर बाई घाबरून पुन्हा बटण दाबते आणि पैसे दोनदा जाण्याची भीती असते.

तिसरा, चूक झाल्यास मागे फिरता येते का? व्हॉट्सॲपवर चुकीच्या ठिकाणी गेलेला निरोप सर्वांसाठी पुसण्याऐवजी फक्त आपल्यापुरता पुसला जाई. समोरच्याकडे तो तसाच राही! डिसेंबर २०२२ मध्ये तो ५ सेकंदांत परत आणण्याची सोय झाली. म्हणजे सुधारावी लागली ती मांडणी, माणसे नव्हेत.

चौथा प्रश्न नियतीचा. वाण्याने न मागितलेली वस्तू पिशवीत टाकली, तर आपण तेथेच जाब विचारतो. पडद्यावर मात्र विम्याच्या किंवा देणगीच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, आणि विमा नाकारावयाचा तर ‘मी असुरक्षित राहीन’ असे वाक्य दाबावे लागते. हे अनाडीपणाने होत नाही, हेतुपुरस्सर केले जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ फसव्या प्रकारांना मनाई केली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

भगिनींनो, भाजी निवडून घेणारी, दुधातले पाणी ओळखणारी आपली नजर पडद्यापुढेच का मिटावी? पैसा आपला, व्यवहार आपला. पुढच्या वेळी अडलात, तर ‘मला जमत नाही’ म्हणण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारून पाहा, आणि फोन दुसऱ्याच्या हाती देण्याची घाई करू नका.