विनाशिका आणि तिचे सुटे भाग



युद्धनौकेचे जलावतरण होते तेव्हा भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. तिला लागणाऱ्या झडपांची, पात्यांची आणि पंपांची खरेदी होते तेव्हा तिकडे कोणी फिरकत नाही. वस्तुतः नौका तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते, आणि राष्ट्राच्या स्वावलंबनाची कसोटी त्या वर्षांत लागते.

सोव्हिएत संघाने 1980 च्या दशकात भारताला 'राजपूत' वर्गाच्या पाच क्षेपणास्त्रधारी विनाशिका दिल्या. त्या युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे बांधलेल्या होत्या. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. एका सरकारशी असलेला व्यवहार अनेक देशांच्या दारी विखुरला आणि सुट्या भागांची टंचाई सुरू झाली. मुंबईच्या माझगाव गोदीत 1987 मध्ये बांधणीस घेतलेली 'दिल्ली' 1997 मध्ये नौदलात दाखल झाली. या विलंबामागे ती उलथापालथ हे एक कारण होते.

तरीही 'दिल्ली'ने मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे आराखड्याची परंपरा. नौदलाच्या स्वतःच्या आरेखन विभागाने त्याच सांगाड्यावर 'कोलकाता' वर्ग (2014 पासून) आणि 'विशाखापट्टणम' वर्ग (2021 पासून) उभे केले. 'विशाखापट्टणम' वर्गाच्या सांगाड्याचे पोलाद देशी, आराखडा देशी, बांधणारे कामगार सार्वजनिक क्षेत्रातील गोदीचे. हे यश कमी लेखण्याचे कारण नाही.

पण नौकेचे हृदय कोठले? या तिन्ही वर्गांना गती देणारी गॅस टर्बाइन मिकोलाइव्हच्याच झोऱ्या-माशप्रोएक्त कारखान्यातून आली. एकच यंत्र सर्व नौकांत असले की साठा कमी लागतो, कारागिरांचा हात बसतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे शहाणपणाचे. मात्र तेच यंत्र एकाच शहरातून येत असेल, तर काटकसर हीच जोखीम होते. रशियाने 2014 मध्ये क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला ही टर्बाइन देणे थांबवले, आणि रशियाच्या स्वतःच्या फ्रिगेटी इंजिनांवाचून अडकल्या. त्यांतील दोन भारताने घेतल्या, आणि त्यांची इंजिने भारताला युक्रेनकडून खरेदी करावी लागली. 2022 मध्ये मिकोलाइव्हवरच तोफांचा भडिमार झाला.

श्रीमंत राष्ट्रांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेने 'झुमवॉल्ट' वर्गाच्या 32 विनाशिका योजिल्या, बांधल्या तीन. त्यांच्या तोफेसाठी खास गोळा आखला होता. नौकांची संख्या घटली तसा संशोधनाचा व उत्पादनाचा स्थिर खर्च मोजक्या गोळ्यांवर पडला आणि एकेका गोळ्याची किंमत सुमारे आठ लाख डॉलरवर गेली. 2016 मध्ये नौदलाने ती खरेदीच सोडली. तोफा राहिल्या, गोळे नाहीत. ब्रिटनच्या 'टाइप 45' विनाशिकांची इंजिनव्यवस्था उष्ण समुद्रात वीज टिकवू शकेना. अखेर त्यांचे जनित्र-संच बदलण्याचा खर्चिक कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

यातील बोध सरळ आहे. नौकेची किंमत म्हणजे बांधणीची किंमत नव्हे. आयुष्यभराच्या देखभालीचा हिशेब तिच्यात धरला पाहिजे, आणि गोपनीयतेची मर्यादा सांभाळून तो संसदेपुढे आला पाहिजे. परदेशी यंत्र घेताना त्याचे आरेखन आणि दुरुस्तीचा हक्क यांची मागणी करारातच हवी. कावेरी इंजिनाच्या सागरी आवृत्तीच्या चाचण्या झाल्या, पण ते युद्धनौकेवर चढले नाही. याचा अर्थ धातुशास्त्र, ओतकाम, सूक्ष्म यंत्रकाम यांत सातत्याने पैसा व माणसे गुंतवल्याशिवाय गत्यंतर नाही.

देशी टक्केवारीच्या घोषणांना कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा : उद्या एखादे पाते तुटले, तर ते कोण घडवणार? उत्तरात माझगाव, विशाखापट्टणम किंवा बंगळूरचा कारखाना येईपर्यंत स्वावलंबनाचा दावा अपुरा आहे.