पाव : शब्द एक, घराणी तीन

‘देवा, मला पाव’, ‘पाव किलो साखर द्या’ आणि ‘दोन पाव बांधून द्या’. कानाला तिन्ही पाव सारखेच, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

देव पावतो तो संस्कृतातल्या ‘प्राप्’ धातूवरून. आपली पावतीही याच घरातली. पाव किलोतला पाव म्हणजे ‘पाद’, चौथा हिस्सा. जनावराला चार पाय असतात, त्यातला एक!

खायचा पाव मात्र समुद्रावरून आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पोर्तुगीज भाषेत पावाला नाकातल्या उच्चारानं ‘पांव’ म्हणतात. त्यांना इथं यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवू लागले. गोव्यात अजूनही सकाळी सायकलवर मोठी टोपली बांधून भोंगा वाजवत पोदेर येतो. तो पोदेरही पोर्तुगीज ‘पादेरु’चा, म्हणजे भट्टीवाल्याचा वंशज. पायानं पीठ तुडवतात म्हणून पाव, ही गोष्ट चविष्ट आहे, पण खरी नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पानिस’. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोहोचले, म्हणून जपानी माणूसही पावाला ‘पान’ म्हणतो. आणि एकत्र पाव खाणारे ते सोबती, यावरून युरोपात जो शब्द तयार झाला, तो आपल्याकडे ‘कंपनी’ होऊन आला. तीच कंपनी, जिनं पुढं कारकून आणि तराजू घेऊन वखारी थाटल्या.