वाचून कोण दाखवणार?

(भिलाईतल्या एका बुद्धविहारात ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं लेखी रूप.)



मंचावर येताना एका ताईंनी माझा हात धरला, त्यांचे आभार. पुढच्या वेळी धरण्याआधी विचारा, एवढंच. नाही, रागाने म्हणत नाही.

माझे आजोबा गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात शेतमजूर होते. पत्र आलं की ते घेऊन गावातल्या एका शिकलेल्या माणसाकडे जायचे आणि त्याच्या ओट्याखाली उभे राहायचे. तो वाचून सांगेल तेच खरं. सावकाराचा कागदही तसाच. 'लाव इथं अंगठा.' माझे बाबा ठेकेदाराकडे प्लांटमध्ये काम करायला भिलाईला आले, खुर्सीपारला खोली केली आणि सही करायला शिकले. मी घरातली पहिली पदवीधर. पुढे एम.ए.ही केलं. आणि परवा मी च्वाइस सेंटरवर गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'दीदी, इधर अंगूठा लगा दो.' कागदावर काय आहे ते त्याने सांगितलं तेवढंच मला कळलं. आजोबांना अक्षर येत नव्हतं. मला येतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला मोठी अक्षरं दिसायची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण फोन मी स्वतः वापरते. त्यातलं टॉकबॅक पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतं. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे. मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतलं आणि ते फुकट आहे. त्याआधीची अशी सॉफ्टवेअर इतकी महाग होती की आमच्या घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे वाचायचं साधन माझ्याकडे आहे. अडचण समोरच्या बाजूला आहे.

एका बँकेच्या अ‍ॅपने मला सांगितलं, चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकावा. गोल कुठे आहे ते त्याने सांगितलं नाही. तीन वेळा प्रयत्न केला, मग अ‍ॅप बंद पडलं. शाखेत गेले तर 'कुणाला तरी सोबत घेऊन या' म्हणाले. हे माझं एकटीचं रडगाणं असतं तर मी इथे सांगितलं नसतं. प्रज्ञा प्रसून या अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाई. त्यांना डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून खातं उघडता येईना. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अमर जैन हे अंध वकीलही वेगळी याचिका घेऊन गेले. ३० एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय द्या, कागदावरची केवायसी चालू ठेवा, वेबसाइटची तपासणी करा. निकाल इंग्रजीत आहे, पण वकिली भाषा सोडली तर समजतो. तुमच्यापैकी जे कायदा शिकताहेत त्यांनी तो मराठीत आणावा.

कायदा त्याआधीही होताच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातलं कलम ४६ म्हणतं की नियम आल्यापासून दोन वर्षांत सगळ्या सेवा आम्हाला वापरता येतील अशा करा. नियम २०१७ ला आले. मुदत कधी संपली, हिशेब तुम्हीच करा.

आता या विहारात बोलायची गोष्ट. पैसेवाल्या सवर्ण घरातल्या अंध मुलालाही हेच अ‍ॅप अडवतं. पण त्याच्या घरात वाचणारी चार माणसं असतात. बाप आहे, काका आहे, ट्यूशनचे सर आहेत. माझ्या आईला वाचता येत नाही. म्हणून वेबसाइट बंद पडली की मला ओटीपी परक्या माणसाला सांगावा लागतो. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्डही ऑनलाइनच काढायचं असतं. सेंटरवरचा मुलगा फॉर्म भरताना मोठ्याने विचारतो, 'परसेंट कितना? कॅटेगरी?' मागची रांग ऐकत असते. माझी आधार, माझी टक्केवारी आणि माझी जात, सगळं त्याला माहीत आहे. मुलगा चांगला आहे, पण चांगुलपणावर किती दिवस काढायचे? २०११ च्या जनगणनेत देशातल्या २.२१ टक्के लोकांना अपंगत्व होतं, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच घरात वाचून दाखवणारा कमी.

आणि हो, फॉर्मवर मला 'दिव्यांग' म्हणतात. हा शब्द २०१५ साली पंतप्रधानांनी सुचवला, आमच्यातल्या अनेकांनी नको म्हटलं. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. मला अंध म्हणा, चालेल.

शेवटचं जरा आपल्याच घरचं बोलते. आजच्या कार्यक्रमाचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. माझा फोन म्हणाला, 'फोटो'. वक्त्यांमध्ये माझं नाव आहे हे मला भावाने वाचून सांगितलं! बाबासाहेबांची मराठी भाषणं सरकारने छापलेल्या अठराव्या खंडात तीन भागांत आहेत. माझ्याकडे त्यांची फाइल आली ती पानांच्या फोटोंची. अ‍ॅपने वाचून घेतलं तर जोडाक्षरांचा चुराडा होतो. काही जण टाइप करतात, पण कृतिदेवमध्ये. त्यात 'भारत' लिहिलं की आत इंग्रजी अक्षरं असतात, माझा फोन 'एच के के जे आर' म्हणतो. १९५४ साली खुद्द बाबासाहेबांची नजर अधू झाली होती. त्यांच्या मदतीला नानकचंद रत्तू होते.

कायद्याची भीती घालू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आमच्यासाठी वाचता येईल अशी प्रत करणं कॉपीराइटचा भंग ठरत नाही. माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली.

तर काम असं आहे. पहिल्या भागापासून सुरुवात करू. प्रत्येकाने दहा पानं, युनिकोडमध्ये. मूळ पानाशी ताडून बघायला दुसरा माणूस. मी ऐकून चुका काढते, ते मला चांगलं जमतं. ज्यांना टायपिंग येत नाही त्यांनी फोनवर बोलून टाइप करावं आणि नंतर दुरुस्त करावं. माझा भाऊ मागच्या टेबलाजवळ बसला आहे, त्याच्याकडे नाव आणि पान क्रमांक लिहून द्या. यादी तो आज रात्री ग्रुपवर टाकेल. टाइप करून टाक रे, फोटो काढून नको.