खेळ कोणाचा, मालकी कोणाची?

(अर्थशास्त्राच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या व्याख्यानासाठी मी संगणकावरील एका खेळाचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मुलांच्या करमणुकीत प्रौढांनी वेळ का दवडावा, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ज्या व्यवहारात चाळीसएक माणसांच्या कंपनीला अडीच अब्ज डॉलर किंमत येते, तो पोरखेळ म्हणून सोडून देता येत नाही. मूल्य कोण निर्माण करतो आणि ते कोणाच्या नावावर चढते, हा आपल्या शास्त्राचा जुनाच प्रश्न तेथे नव्या वेषात उभा आहे.

वस्तुस्थिती प्रथम सांगतो. १५ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्टॉकहोममधील ‘मोयांग’ ही कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले. मोयांगजवळ ना कारखाना होता, ना जमीनजुमला. होता तो ‘माइनक्राफ्ट’ नावाचा एक खेळ. घनाकार ठोकळ्यांचे एक अफाट जग खेळाडूपुढे ठेवलेले असते. त्यातील माती-दगड खणावे, लाकूड तोडावे आणि त्यांतून झोपडीपासून राजवाड्यापर्यंत वाटेल ते रचावे. कोणाला हरविण्याची सक्ती नाही. हा खेळ अनेक शाळांतून शिकविण्याचे साधन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून मोयांगच्या सहकार्याने गरीब वस्त्यांतील रहिवाशांना आपल्या मोकळ्या जागांचे आराखडे याच ठोकळ्यांनी मांडावयास दिले. नैरोबीतील किबेरा ही त्यांपैकी एक वस्ती.

हा खेळ उभा कसा राहिला ते पाहा. मार्कुस पेर्सन या स्वीडिश तरुणाने मे २००९ मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच लोकांपुढे ठेवला. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली. मधल्या काळात सुमारे दहा युरो मोजून लाखो लोकांनी अपुरा खेळ विकत घेतला. कंपनीला सावकाराच्या दारी जावे लागले नाही. ग्राहकांच्या आगाऊ पैशावरच उत्पादन उभे राहिले. या पैशाचे स्वरूप बारकाईने तपासले पाहिजे. गुंतवणूकदार पैसे देतो तेव्हा त्याला कंपनीत भाग मिळतो. या लोकांनी जोखीम गुंतवणूकदाराची पत्करली, हक्क मात्र त्यांना गिऱ्हाइकाचेच मिळाले.

पैशापाठोपाठ श्रम आले. खेळाडूंनी या जगासाठी नवे प्राणी, नवी यंत्रे, नवे नियम रचणारे ‘मॉड’ लिहिले. अनेकांना एकत्र खेळता यावे म्हणून स्वखर्चाने सर्व्हर चालविले. खेळ शिकविणाऱ्या असंख्य चित्रफिती तयार केल्या आणि कंपनीने जाहिरातीवर दमडी न वेचता तिची जाहिरात केली. ‘बकिट’ हे सर्व्हर चालविण्याचे साधन स्वयंसेवकांनी रात्री जागवून घडविले होते. ते २०१२ पासूनच मोयांगच्या मालकीचे आहे, ही गोष्ट २०१४ च्या ऑगस्टमध्ये, ते बंद करण्याचा विचार चालू असता, उघड झाली. पुढच्याच महिन्यात त्या स्वयंसेवकांपैकी एकाने आपल्या लेखनावरील हक्क पुढे करून त्याचे वितरण थांबविले. विक्रीच्या ऐन तोंडावर घडलेली ही घटना लहान खरी, पण बोलकी आहे. आपण गावकीचे काम करीत आहोत अशा समजुतीने राबणाऱ्यास, शिवार कोणाच्या तरी खात्यावर आहे, हे अखेरीस कळले.

आता किमतीचे गणित मांडू. विक्रीच्या वेळेपर्यंत खेळाच्या सुमारे ५ कोटी ४० लाख प्रती खपल्या होत्या. अडीच अब्ज डॉलरना त्या संख्येने भागले तर प्रत्येक प्रतीमागे सुमारे ४६ डॉलर पडतात. संगणकावरील प्रत स्वतः सुमारे २७ डॉलरना मिळे, मोबाईलवरील सातएक डॉलरना. म्हणजे एका ग्राहकाने जेवढे पैसे दिले, त्याहून पुष्कळ अधिक पैसे तो ग्राहक हाती यावा म्हणून मोजले गेले. ही किंमत झालेल्या विक्रीची नाही. त्या जगात नांदणाऱ्या समाजावर पुढे वर्षानुवर्षे ताबा राहावा, त्याची ही किंमत आहे. जुन्या अर्थशास्त्रज्ञांनी जमिनीच्या खंडाबद्दल जे लिहिले, ते येथे चपखल लागू पडते. वस्ती वाढली की जमिनीचा भाव वाढतो. वस्ती वाढविणारे रहिवासी असतात, भाव मात्र जमीनधारकाच्या पदरी पडतो.

एवढा पैसा देणाऱ्याजवळ तो आला कोठून, हेही पाहावयास हवे. जून २०१४ अखेर मायक्रोसॉफ्टजवळ ८५ अब्ज डॉलरहून अधिक रोकड व अल्पमुदतीची गुंतवणूक होती आणि तिचा फार मोठा हिस्सा अमेरिकेबाहेरील उपकंपन्यांत होता. तो मायदेशी आणला तर त्या काळच्या कायद्यानुसार ३५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकत असे; बाहेर ठेवून परदेशातील कंपनी घेण्यास तो वापरला तर हा भार पडत नसे. मोयांगची किंमत या राशीच्या तीन टक्क्यांहूनही कमी होती. त्याच जुलै महिन्यात या कंपनीने १८,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते, हेही लक्षात ठेवावे.

पेर्सन यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. काही सर्व्हरचालक पैसे घेऊन खेळाडूंना जादा सामर्थ्य विकत होते. २०१४ च्या उन्हाळ्यात कंपनीने त्याविरुद्धचा नियम अमलात आणावयाचे ठरविताच संतापाचा सारा रोख एकट्या पेर्सन यांच्यावर आला. आपला वाटा कोणी घेता काय, असे त्यांनी जूनमध्ये जाहीरपणे विचारले. विक्रीच्या वेळी त्यांनी लिहिले की, एवढ्या मोठ्या गोष्टीची जबाबदारी आपल्याला नको आहे. हा प्रश्न पैशाचा नसून मनःस्वास्थ्याचा आहे. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु कंपनीत त्यांचा वाटा सुमारे ७१ टक्के होता. कोट्यवधी लोकांनी रचलेली गोष्ट कायद्याने प्रामुख्याने एका नावावर असते, तेव्हा त्या एका माणसाचा थकवादेखील सर्वांचे भवितव्य ठरवितो. एकट्याने ओझे वाहावे अथवा सर्वांत श्रीमंत गिऱ्हाइकास ते विकून मोकळे व्हावे, एवढे दोनच मार्ग चालू व्यवस्थेने त्यांच्यापुढे सहजी ठेवले. तिन्ही संस्थापक कंपनी सोडून गेले. खेळाडूंना यातले सर्व वर्तमानपत्रांतून कळले.

पुढे काय झाले, हे सांगताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. खेळ बुडेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. ती खरी ठरली नाही. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवरही तो चालू राहिला, मॉड लिहिण्यास मज्जाव झाला नाही आणि २०२३ मध्ये खपाचा आकडा ३० कोटींवर गेला. मालक शहाणा निघाला, असेच म्हटले पाहिजे. परंतु मालकाचे शहाणपण आणि आपला हक्क यांत फरक आहे. २०२० मध्ये जाहीर झाले की, जुन्या ग्राहकांनी आपली खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत रूपांतरित करावीत. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले आणि त्यात तथ्यही होते. मात्र १९ सप्टेंबर २०२३ नंतर ज्यांनी हे केले नव्हते, त्यांना पैसे देऊन घेतलेला खेळ त्या खात्यावरून खेळता येईना. हवा असल्यास पुन्हा विकत घेणे भाग पडले. अगदी प्रारंभी, पुढील सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतील या आश्वासनावर पैसे देणारेही यात आले. विकत घेतलेल्या वस्तूचे असे परवानगीत रूपांतर झाले.

शहाणपणाची हमी नसते, हे दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना झेनीमॅक्स ही कंपनी घेतली. तिच्यासोबत टोकियोची टँगो गेमवर्क्स ही संस्था आली. तिचा जानेवारी २०२३ मधील ‘हाय-फाय रश’ हा खेळ वाखाणला गेला. तरीही मे २०२४ मध्ये ती बंद करण्याचा हुकूम निघाला. पुढे एका दक्षिण कोरियन कंपनीने तिला हात दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरची ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डची खरेदी पूर्ण झाली आणि तीनच महिन्यांत खेळविभागातील १,९०० नोकऱ्या गेल्या. त्या खरेदीची अमेरिका, ब्रिटन व युरोपातील नियामकांनी दीर्घकाळ छाननी केली होती. पण तिचा केंद्रबिंदू कंपन्याकंपन्यांतील स्पर्धा हाच होता. मोयांगसारख्या प्रकरणात तर बाजारपेठेतील वाटा मोजून फारसे हाती लागत नाही. आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीने २,००० कोटी रुपयांहून मोठे व्यवहार, लहान कंपनीचे असले तरी, भारतात तिचे लक्षणीय काम असल्यास तपासणीच्या कक्षेत आणले. सप्टेंबर २०२४ पासून ती तरतूद लागू आहे. हे पाऊल योग्य असले, तरी स्पर्धा राखणारा कायदा भागीदारीचा प्रश्न सोडवीत नाही.

या प्रश्नाचा विचार योगायोगाने स्वीडनमध्येच सर्वांत खोलवर झाला होता. तेथील कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ माइडनर यांनी १९७५ मध्ये अशी योजना मांडली की, कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्क्यांएवढे नवे भाग कामगारांच्या सामुदायिक निधीस द्यावेत. ती १९८४ पासून फार सौम्य स्वरूपात आली आणि १९९० च्या दशकारंभी गुंडाळली गेली. मूळ योजनेतून लहान कंपन्या वगळल्या होत्या. तेव्हा ते सयुक्तिक होते, कारण भांडवलाची शक्ती कामगारांच्या संख्येवरून ओळखता येत असे. आज चाळीस माणसांच्या कंपनीत अडीच अब्जांचे मूल्य साठते आणि ते घडविणारे बहुसंख्य लोक तिच्या हजेरीपटावरच नसतात. म्हणून माइडनर यांचा विचार टाकून न देता, तो कामगारांबरोबर वापरकर्त्यांपर्यंत न्यावयास हवा.

हे स्वप्नरंजन नव्हे. फ्रान्समधील बोर्दो येथील ‘मोशन ट्विन’ ही कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. तिच्या ‘डेड सेल्स’ या २०१८ मधील खेळाने जगभर नाव मिळविले. ठोकळ्यांच्याच जगाचे ‘लुआंटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर २०१० पासून स्वयंसेवक चालवीत आले आहेत. त्याची संहिता सर्वांना खुली असल्याने कोणी एक थकला तरी ते विकले जाऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टमध्येच झेनीमॅक्सच्या सुमारे ३०० तपासनीसांनी २०२३ च्या आरंभी संघटना उभारली आणि २०२५ मध्ये करार पदरात पाडून घेतला.

तेव्हा मागण्या तीन असाव्यात. अशी कंपनी विकावयाची झाल्यास काम करणाऱ्यांना व वापरकर्त्यांच्या सहकारी संस्थेला ती घेण्याचा पहिला अधिकार असावा आणि त्यासाठी सार्वजनिक पतपुरवठा मिळावा. विनामूल्य श्रम करणाऱ्याचे लेखन त्याच्या संमतीवाचून कोणाच्या मालमत्तेत जमा होऊ नये. आणि पैसे देऊन घेतलेली वस्तू मालक बदलला म्हणून ग्राहकाच्या हातून जाऊ नये. पेर्सन यांच्यापुढे २०१४ मध्ये हा पहिला मार्ग असता, तर त्यांनी तो पत्करला असता की नाही, हे सांगता येत नाही. तो असावयास हवा होता, एवढे मात्र निश्चित, आणि तो घालून देण्याचे काम कायदे करणाऱ्यांचे व त्यांना निवडून देणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.