जीपगाडी आणि आपला संसार



मोटारगाडी घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत पहिल्यानें चर्चा होते ती रंगाची, मग किंमतीची, आणि ती गाडी चालवावयाची कोठें हा प्रश्न अगदीं शेवटीं निघतो. सातारा-सांगलीकडील पुष्कळ घरांतून, विशेषतः तरुण मंडळींच्या तोंडून, आजकाल ‘जीपच घ्यावी’ असा आग्रह ऐकूं येतो. उंच चाकें, चौकोनी नाक, आणि सैन्याच्या गाडीचा तो रुबाब! रुबाबाबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं; घरांत एखादी वस्तु केवळ हौसेची असण्यास हरकत नसावी. परंतु हीच गाडी रोज कचेरीस न्यावयाची, मुलांना तींतून शाळेस पोंचवावयाचें आणि वेळप्रसंगीं मागें ट्रॉली जोडून माल ओढावयाचा, असा बेत असेल तर त्याचा हिशेब आधीं नीट मांडून पाहिला पाहिजे. तो आज आपण मांडूं.

ही गाडी जन्मली ती लढाईसाठीं. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन लष्करानें चारही चाकांना जोर मिळेल अशा एका हलक्या गाडीची मागणी काढली. बँटम नांवाच्या एका लहानशा कारखान्यानें कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियराकडून तिचा आराखडा करविला आणि सप्टेंबरांत पहिली गाडी लष्करापुढें उभी केली. पुढें विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलिसच्या गाडीचें इंजिन २.२ लिटरचें, शक्ति ६० घोड्यांची, वजन सुमारें ११०० किलो, आणि पुढच्यामागच्या आंसांमधील अंतर अवघें ८० इंच. दारें नाहींत, समोरची कांच बॉनेटवर आडवी पाडतां येई. तिच्या जोडीला पाव टन मालाचा दुचाकी ट्रेलरही दिलेला असे. म्हणजे मागें कांहीं तरी ओढीत नेणें हें तिचें बाळपणापासूनचें काम आहे, तें आपण तिच्यावर नव्यानें लादलेलें नाहीं.

आपल्याकडे ही गाडी रुजली ती मुंबईच्या मार्गानें. १९४५ सालीं महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद यांनीं मिळून एक पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरलही झाले. आणि १९४८ सालीं पेढीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. या पेढीनें विलिसचे सुटे भाग आणून मुंबईस जीप जुळविण्यास प्रारंभ केला व पुढें ती संपूर्ण गाडी येथेंच बनवूं लागली. याच काळांतील आणखी एक प्रकरण जुनी लष्करी जीप घेऊं पाहणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें असें आहे. काश्मीरच्या लढाईसाठीं १९४८ सालीं लंडनमधील आपल्या वकिलातीमार्फत सुमारें दोन हजार दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सौदा झाला. त्यांपैकीं १५५ गाड्या येऊन पोंचल्या, आणि त्या लष्कराच्या कामाच्या नाहींत असें दिसून आलें. तो सौदा संसदेंत वर्षानुवर्षें गाजला. वापरलेली लष्करी गाडी पारखतांना जेथें सरकारची ही गत झाली, तेथें तुम्हीं-आम्हीं किती जपलें पाहिजे!

सातारा जिल्ह्याला लष्कराचें अप्रूप नाहीं. अपशिंगे या गांवाच्या नांवाला ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान कामीं आले. देशांतील पहिलें सैनिक स्कूल १९६१ सालीं साताऱ्यासच निघालें. तरी आपल्या खेड्यापाड्यांतून जीप घरोघर ओळखीची झाली ती सैन्यामुळें नव्हे. ती साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची गाडी म्हणून आली, निवडणुकीच्या प्रचाराची गाडी म्हणून आली, आणि सर्वांत अधिक ‘वडाप’ म्हणून आली. वडापांत किती माणसें बसतात हा प्रश्न विचारावयाचा नसतो. आणखी किती बसतील एवढाच विचारावयाचा. जीपच्या सोशिकपणाची याहून मोठी परीक्षा कोणत्याही लष्करानें घेतली नसेल. तरीपण वडाप हांकणारा रोज त्याच रस्त्यानें जातो, गाडीच्या प्रत्येक कुरकुरीचा अर्थ त्याला समजतो, आणि त्याचा मेकॅनिक स्टँडाच्या पलीकडेच बसलेला असतो. आपली स्थिति तशी नसते.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. जीपचा मोठेपणा तिच्या चार चाकांच्या ओढींत आहे असें आपण म्हणतों. ही ओढ चालते कशी? गाडी वळण घेते तेव्हां तिचीं चारही चाकें चार निरनिराळ्या वर्तुळांवरून जातात. बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडतें, आणि पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक. डाव्या-उजव्या चाकांतील फरक सांभाळण्यास प्रत्येक आंसावर डिफरन्शियल असतें. पण जुन्या पद्धतीच्या जीपमध्यें पुढच्या आणि मागच्या आंसांमध्यें तशी कांहींच सोय नसते. चार चाकांचा दांडा टाकला कीं दोनही आंस एकमेकांस घट्ट बांधले जातात. चिखलांत वा वाळूंत एखादें चाक किंचित् घसरतें आणि फरक आपोआप मिटतो. कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चाक घसरत नाहीं. मग तो सगळा ताण शाफ्टांवर आणि गिअरच्या दांत्यांवर येतो, सुकाणू जड होतें, आणि दांडा परत काढूं म्हटलें तर तो निघत नाहीं.

याचा अर्थ असा कीं, सातारा ते सांगली या सुमारें सव्वाशे किलोमीटरच्या कोरड्या रस्त्यावर जीप ही दोन चाकांचीच गाडी आहे. ज्या यंत्रासाठीं आपण अधिक पैसे मोजले तें वर्षांतील बहुतेक दिवस केवळ वजन म्हणून आपल्याबरोबर फिरतें, आणि त्या वजनाचें तेल आपण भरतों. हायवेवर तर ती आणखी अवघडते. उंच, चौकोनी अंगावर वारा आपटतो, आणि आंसांतील अंतर कमी असल्यामुळें गाडी उचक्या देत धांवते. बाजूनें मोठा ट्रक गेला म्हणजे जुन्या जीपचें सुकाणू दोनही हातांनीं धरावें लागतें.

मग ती घ्यावी कोणीं? पाऊस सुरू झाल्यावर बामणोलीच्या बाजूस वा पाटणच्या डोंगराळ भागांत ज्याला नित्य जावें लागतें, त्यानें अवश्य घ्यावी. कृष्णाकांठच्या काळ्या रानांत ज्याचा मळा आहे, त्यानेंही घ्यावी. ती चिकण माती टायरांच्या खांचा भरून टाकते आणि साधी मोटार जागच्या जागीं फिरत राहते, हा अनुभव तिकडच्या बागाईतदारांस सांगावयास नको. तेथें चार चाकांचा दांडा आणि सोबतचा ‘लो’ गिअर म्हणजे खरी दौलत! या गिअरनें जुन्या विलिसच्या चाकांचा जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग तितकाच उतरतो. पुष्कळांची चूक एवढीच कीं, गाडी रुतल्यावर ते दांडा शोधूं लागतात. तो चिखल दिसतांच टाकावयाचा असतो.

ओढण्याच्या कामाकडे मात्र अधिक काळजीनें पाहिलें पाहिजे, कारण येथें चूक झाली तर ती मागून येणाराच्या जिवावर बेतते. बंद पडलेली गाडी दोरानें किंवा साखळीनें ओढणें, ज्याला गॅरेजवाले ‘टोचन’ म्हणतात, तें एक. आणि मालाची ट्रॉली नेहमीं ओढणें हें दुसरें. टोचन लावतांना दोर चेसिसला अडकवावा, बंपरला नव्हे. आणि ताणलेल्या दोराजवळ कोणासही उभें राहूं देऊं नये. तुटलेला दोर चाबकासारखा येतो. दोराच्या मध्यावर एक जाड ओलें गोणपाट टाकावें, म्हणजे तुटला तरी त्याचा जोर बराच मोडतो.

ट्रॉलीचें शास्त्र याहून निराळें. माल भरतांना भार थोडा पुढें, म्हणजे जीपच्या बाजूस, असला पाहिजे. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडाच्या आंकड्यावर यावा. भार मागें पडला कीं आंकडा वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड सुटूं लागते, आणि थोडा वेग येतांच ट्रॉली म्हशीच्या शेपटीसारखी डावीउजवीकडे हलूं लागते. त्या वेळीं घाबरून ब्रेक दाबला तर ती जीपलाच फिरविते. आणि आंखूड गाडी लांब गाडीपेक्षां लवकर फिरते. चढावर इंजिनाची परीक्षा असते, उतारावर ब्रेकची. कुंभार्लीच्या किंवा पसरणीच्या घाटांत बिनब्रेकी ट्रॉली घेऊन उतरतांना तिचें सगळें वजन जीपच्या ब्रेकवर येतें, आणि ते एकदां तापले म्हणजे पायाखालीं पेडल असून नसल्यासारखें होतें. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा आणि वेग इंजिनानेंच धरावा. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते तींत किती वजन ओढावें हें लिहिलेलें असेल तर तो आंकडा शेवटचा मानावा. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी लागते, ही गोष्ट अपघात झाल्यावर, विमा कंपनीच्या टेबलापाशीं कळण्यापेक्षां आधीं कळलेली बरी.

भगिनीवर्गास एक विनंति आहे. जुन्या जीपमध्यें मागें समोरासमोर दोन बांकें असतात. मुलांना तीं फार आवडतात, गंमत वाटते. त्या बांकांवर मुलांना रोज बसवूं नये. तेथें पट्टे नसतात, गाडी उंच असते, आणि अचानक ब्रेक लागला तर आडव्या बसलेल्या मुलाला धरणारें कांहींच नसतें. २०२० सालीं निघालेल्या नव्या थार गाडीची, पुढें तोंड करून बसण्याची आसनें असलेली, ग्लोबल एनकॅपनें धडकचाचणी घेतली व तिला पांचांपैकीं चार तारे दिले. तेव्हां लष्करी तोंडवळा आणि घरगुती सुरक्षितता यांचें वैर आहे असें नाहीं. वैर आहे तें जुन्या सांगाड्याचें.

पाण्यासंबंधानेंही बोललें पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली होती. अशा वेळीं ‘आपली जीप आहे, निघून जाऊं’ हा भरंवसा फार घातक. नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यांतून जाते असें तिचे निर्माते सांगतात. पण तें शांत, तळ दिसणाऱ्या पाण्याविषयीं. वाहतें पाणी उंच गाडीलाही बाजूनें ढकलतें, आणि गढूळ पाण्याखालीं रस्ता शिल्लक आहे कीं नाहीं हें कोणत्याच गिअरला समजत नाहीं.

उलट बाजूची गोष्ट कासच्या पठाराची. जीप कोठेंही जाऊं शकते, म्हणून ती कोठेंही नेऊं नये. जांभ्या खडकावरील तेथील मातीचा थर बोटभर. त्यावर सीतेची आसवें आणि असलीं कितीएक इवलालीं फुलें उगवतात. २०१२ सालीं हें पठार जागतिक वारशांत गेलें. एका गाडीच्या चाकोरीनें जो थर उखडतो तो एका पावसाळ्यांत भरून येत नाहीं.

राहतां राहिला कागदपत्रांचा प्रश्न. लष्कराच्या लिलांवांतून निघालेल्या जुन्या गाड्या, त्यांत जबलपूरच्या कारखान्याची ‘जोंगा’ही आली, हौशी लोक घेतात. घेतांना चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशीं स्वतः ताडून पाहावा. रंगाच्या थराखालीं नंबर घांसलेला आढळला तर गाडी कितीही देखणी असो, उठून यावें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मूळ बांधणींत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. मोठीं चाकें आणि दुसरें इंजिन बसविण्याचा उत्साह तेथें थांबतो.

या कायद्याची एक गोड हकीकत सांगली जिल्ह्यांतच घडली आहे. कडेगांव तालुक्यांतील देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थानें मुलाच्या हट्टाखातर भंगारांतील भाग जमवून, सुमारें साठ हजार रुपये खर्चून, एक छोटीशी जीपच घडविली. ती सुरू करावयाची फटफटीप्रमाणें लाथ मारून! २०२१ च्या अखेरीस आनंद महिंद्र यांनीं तिचें चित्र पाहिलें. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें आज ना उद्यां रस्त्यावर अडविली जाईल हें ओळखून त्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें ती अदलाबदल झालीही. भंगारांतून जन्मलेली ती जीप कंपनीच्या संग्रहाकडे गेली. देवराष्ट्र्याच्या त्या घरापुढें उभी राहिली ती बोलेरो. आणि तिला ओढतात तीं मागचीं दोनच चाकें.