निळा पडदा आणि घरचा संगणक



हिशेब मांडतां मांडतां संगणकाचा पडदा एकाएकीं निळा व्हावा, त्यावर एक रडवें तोंड व इंग्रजींतील दोन-चार ओळी उमटाव्यात, आणि यंत्रानें आपण होऊन पुन्हां पहिल्यापासून सुरू व्हावें, हा अनुभव आज पुष्कळ घरांना आलेला आहे. एकदां आला तर मनुष्य विसरून जातो. परंतु दर दोन दिवसांनीं येऊं लागला म्हणजे घरांत खटके उडूं लागतात. वडील म्हणतात, मुलाच्या खेळांमुळें झालें. मुलगा म्हणतो, यंत्रच जुनें झालें. आणि दुकानदार 'नवें घ्या' म्हणून मोकळा होतो. ह्या तिघांपैकीं कोणाचेंहि ऐकण्यापूर्वीं पडद्यावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें, असें माझें सांगणें आहे.

निळा पडदा हा स्वतः रोग नव्हे. संगणकाच्या कारभाराचा जो अगदीं आंतला गाभा, ज्याला 'कर्नल' म्हणतात, त्याला आपल्या स्मरणांतील मजकूर विश्वासार्ह राहिलेला नाहीं असें आढळलें म्हणजे तो बुद्ध्याच सर्व काम थांबवितो. तसेंच पुढें रेटलें, तर चुकीचा मजकूर डिस्कवर लिहिला जाऊन होतें तेंहि बिघडावयाचें. १९९३ सालीं विंडोज एन्‌टी निघालें तेव्हांपासून ही व्यवस्था चालत आली आहे, आणि तिनें थोरामोठ्यांचीहि भीड ठेवलेली नाहीं. एप्रिल १९९८ मध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत बिल गेट्स स्वतः व्यासपीठावर असतां त्यांच्या सहकाऱ्यानें नव्या विंडोज ९८ ला एक स्कॅनर जोडला मात्र, आणि भरल्या सभेंत पडदा निळा झाला! २०२५ सालीं विंडोज ११ मधील ह्या पडद्याचा रंग काळा करण्यांत आला. तेव्हां कोणाच्या घरीं तो काळा दिसल्यास निराळा रोग समजूं नये.

ह्या पडद्याच्या तळाशीं 'स्टॉप कोड' म्हणून एक नांव दिलेलें असतें. तें टिपून घ्यावें. घाई असेल तर मोबाइलनें छायाचित्र काढावें. यंत्र फार लवकर पुन्हां सुरू होत असेल तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंग्जमध्यें 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' हा पर्याय बंद करून ठेवावा. एका लहानशा वहींत तारीख, वेळ, त्या वेळीं चाललेलें काम आणि तें नांव, एवढें लिहीत जावें. विंडोजमध्यें 'रिलायबिलिटी मॉनिटर' नांवाचें एक पान आहे. यंत्र कोणत्या दिवशीं कोलमडलें आणि त्याच सुमारास कोणता प्रोग्रॅम घातला गेला, हें तेथें शेजारीं शेजारीं दिसतें. आणि येथेंच एक सावधगिरी सांगतों. खऱ्या निळ्या पडद्यावर दूरध्वनीचा क्रमांक कधींहि नसतो. 'ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असें लिहिलेला पडदा इंटरनेट पाहतांना आला, तर तो भामट्यांनीं रंगविलेला आहे असें खुशाल समजावें. फोन न करतां ब्राउझर बंद करावा.

वहीचा उपयोग काय होतो तें पाहा. न्हावा-शेवा येथें १९८९ सालीं बंदर सुरू झालें, आणि आसपासचीं कितीतरी घरें मालाच्या कागदपत्रांवर चालूं लागलीं. आमच्या शेजारचा एक तरुण कस्टमचीं असलीं कागदपत्रें घरीं बसून भरतो. तीं वेळेवर गेलीं नाहींत तर माल अडकून पडतो आणि दिवसागणिक आकार वाढतो. त्याचें यंत्र आठवड्यांतून तीन वेळां कोलमडे. दुकानदारानें नव्या यंत्राचा आंकडा सांगितला तेव्हां त्याच्या आईचा चेहरा उतरला. पंधरा दिवस वही ठेवविली. एकदां 'मेमरी मॅनेजमेंट', एकदां 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल', एकदां 'पेज फॉल्ट'; नांव दर वेळीं निराळें, आणि काम करणारा प्रोग्रॅमहि निराळा. असें असलें म्हणजे संशय प्रथम रॅमवर, म्हणजे स्मरणाच्या पट्ट्यांवर घ्यावा. यंत्रांत दोन पट्ट्या होत्या. एक काढून ठेवून दुसरीची मेमरी-परीक्षा रात्रभर चालविली, मग उलट केलें. एक निर्दोष निघाली, दुसरींत चुकाच चुका. नवी पट्टी घातली आणि काम भागलें. दोन्ही पट्ट्या एकदमच बदलल्या असत्या, तर चांगल्या पट्टीचे पैसे व्यर्थ गेले असते.

ह्याउलट, नांव दर वेळीं तेंच असेल आणि त्याखालीं एखाद्या फाइलचेंहि नांव येत असेल, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण व गाभा यांमधील दुभाष्याचा असतो. १९ जुलै २०२४ रोजीं जगांतील सुमारें ८५ लाख संगणक निळे पडले, ते क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक प्रोग्रॅमच्या एका सदोष फाइलमुळें. आपल्याकडील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जो प्रोग्रॅम गाभ्यांत बसतो तो रक्षक असला तरी घर पाडूं शकतो. म्हणून एका यंत्रांत दोन-दोन अँटिव्हायरस घालण्याचा हव्यास मला तरी समजत नाहीं. नवा प्रिंटर जोडल्यापासून त्रास सुरू झाला असल्यास 'सेफ मोड'मध्यें जाऊन त्याचा ड्रायव्हर काढावा व दोन दिवस पाहावें. एका वेळीं एकच बदल करावा. चार केले तर गुण कशाचा आला तें कळत नाहीं.

आमच्याकडे खारी हवा आणि कंटेनर-गाड्यांची धूळ. पंखे तुंबतात, जोड गंजतात. यंत्र बंद करून, वायर काढून, पट्ट्या एकदां काढून पुन्हां घट्ट बसवाव्या. एवढ्यानेंहि कधीं कधीं भागतें. मात्र यंत्र निळें न होतां फट्‌कन विझत असेल, तर वीजपुरवठा किंवा उष्णता तपासावी.

'कर्नल डेटा इनपेज एरर' हें नांव वारंवार दिसलें तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडली असण्याचा संभव मोठा. मग दुरुस्ती मागाहून. प्रथम छायाचित्रें आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवावे. जून २०१७ मध्यें 'नॉटपेट्या' ह्या विध्वंसक प्रोग्रॅमनें मर्स्क कंपनीचे संगणक जगभर निकामी केले, तेव्हां न्हावा-शेवाच्या बंदरांतील तिच्या टर्मिनलचेंहि काम विस्कळीत झालें. तो निळ्या पडद्याचा प्रकार नव्हे. पण त्या कंपनीच्या जाळ्याचा मुख्य नकाशा वांचला तो आफ्रिकेंतील घाना देशांत, कारण तेथील संगणक नेमक्या वेळीं वीज गेल्यामुळें बंद पडलेला होता. आपली दुसरी डिस्कहि प्रत उतरून होतांच यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी.