ताणावर जगणारी पेशी



आपल्या बोलण्यात ‘शीर’ या एका शब्दावर फार मोठा बोजा पडलेला आहे. रक्त वाहते तीही शीर, संवेदना धावते तीही शीर, आणि पळता पळता मागून कुणी काठी हाणावी तसा तडाखा बसून टाचेवरची जी तुटते तीही शीरच! या तिसऱ्या शिरेला, म्हणजे स्नायूचे टोक हाडाला बांधणाऱ्या त्या पांढऱ्या, चिवट दोरीला, शास्त्रात कंडरा म्हणतात. आणि सुश्रुताने अशा सोळा कंडरा मोजून हात, पाय, मान व पाठ यांत त्यांची चार-चारांनी वाटणीही करून ठेवली आहे. ती मोजदाद आजच्या शारीरशास्त्राशी ताडून पाहण्याचा माझा इरादा नाही. शब्द तेवढा त्या जुन्या दप्तरातून उचलतो.

कंडरेला दोरी म्हणणे हा अलंकार नव्हे. जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासमवेत १९५४ साली मद्रासेस कंडरेतील कोलॅजन या प्रथिनाची जी रचना मांडली, ती तीन पदरांच्या पिळाचीच होती. अशा पिळांचे तंतू, तंतूंच्या जुड्या, आणि त्या जुड्यांच्या फटींतून रांगेने चेपून बसलेल्या मोजक्या लांबट पेशी, असा हा सारा संसार. पेशी थोड्या आणि रक्ताचा पुरवठाही तुटपुंजा, त्यामुळे दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे तुंबून राहते. किती तुंबते, याचा दाखला अणुबाँबच्या चाचण्यांनी दिला हे विलक्षणच म्हटले पाहिजे. त्या चाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ या काळात हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, अन्नावाटे तो सर्वांच्या देहांत उतरला, आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेच्या कंडरेतील त्याचे प्रमाण मोजून २०१३ साली असे दाखविले, की तिचा गाभा वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही.

जी वस्तू देह स्वतः नव्याने घडवीत नाही, ती बाहेर घडविण्याची तजवीज कशी करावी? शस्त्रक्रियेत उरलेला कंडरेचा नखाएवढा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, कोलॅजन विरघळविणाऱ्या पाचक द्रव्यात ते सदतीस अंशांवर ठेवतात. दोर विरघळतो, पेशी सुट्या होतात. मग त्या प्लॅस्टिकच्या चपट्या कुपीत, गुलाबी पोषकद्रवाखाली नांदू लागतात. या द्रवात बहुधा गर्भस्थ वासराच्या रक्ताचा निवळलेला अंश मिसळलेला असतो, हे ऐकून समोरच्या रांगेतील काही मंडळींच्या कपाळावर आठी उमटली ती मला दिसते आहे, आणि शास्त्रज्ञांनाही त्याला पर्याय हवाच आहे. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलावा लागतो. हयगय झाली की पेशींच्या उत्सर्गाने तो आंबतो आणि गुलाबीचा पिवळा होतो.

येथवर मामला सोपा. खरी अडचण पेशी वाढू लागल्यावर उभी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या दिवसांत विणकराच्या धोट्यासारखी निमुळती दिसणारी पेशी, कुपी भरली म्हणून दुसरीत, तिथून तिसरीत अशी हलविली जाता जाता पसरट होते, पाय फाकून बसते, आणि स्क्लेरॅक्सिस, टेनोमोड्युलिन ही जी तिची ओळखीची जनुके, त्यांचे काम मंदावते. संख्या वाढली, पण जात विसरली! माझ्या मते दोष आहाराचा कमी आणि आरामाचा अधिक आहे. जन्मभर दोन्ही बाजूंनी ओढली जाणारी ही पेशी सपाट प्लॅस्टिकवर आणून ठेवली, की तिने कंडरा म्हणून राहावे असे तिला सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून आता तिला ताण देतात. कोलॅजनच्या लिबलिबीत गोळ्यात पेशी कालवून त्याची दोन टोके खिळविली, तर त्या आपल्याच ओढीने पुन्हा रांगेत लागतात. यंत्राने तो पट्टा शेकडा चार-पाच भाग ताणून सोडीत राहिले, तर सुधारणा आणखी दिसते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रोग्याच्याच गुडघ्याच्या कंडरेतील पेशी वाढवून त्या कोपराच्या जुनाट दुखण्यावर टोचण्याचा प्रयोग झाला, आणि वीस रोग्यांचा अनुकूल अहवाल २०१३ साली छापून आला. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा डांगोरा पिटण्याची घाई नको.

मला अधिक नवल वाटते ते ऑक्सफर्डच्या उद्योगाचे. २०२२ साली तेथील मंडळींनी माणसाच्या खांद्याबरहुकूम बनविलेल्या यंत्रमानवाच्या खांद्यावर एक लवचीक नळी बसवून, तिच्यातील धाग्यांवर मानवी पेशी रुजविल्या, आणि चौदा दिवस, दररोज अर्धा तास, तो निर्जीव हात हलवीत ठेवला. त्या पेशी कंडरेच्या नव्हत्या, साध्या तंतुपेशी होत्या. मुदतीअंती त्यांच्या जनुकांच्या वागणुकीत फरक आढळला. तो कंडरेच्या हिताचा की कसे, याचा निवाडा प्रयोगकर्त्यांनी तूर्त राखून ठेवला आहे.